बंद लिफाफा, पण कोणापासून?

वकीलसाहेब, नमस्कार. कऱ्हाड भागात आमचा मसाल्यांचा धंदा आहे, घरातूनच सुरू झालेला. कांदा-लसूण मसाला, गोडा आणि मिसळ मसाला ही मुख्य उत्पादनं. प्रमाणं सासूबाईंच्या हातच्या वहीत आहेत आणि तीच एकुलती एक प्रत. भाजणं, दळण आणि पॅकिंग आम्ही नऊ वर्षं शेजारच्या तालुक्यातल्या एका कारखानदाराकडून जॉबवर्कवर करून घेत होतो. स्टॅम्पपेपरवर करार आहे, त्यात गुप्ततेचं कलम आहे. गेल्या दिवाळीत त्यांनी काम सोडलं आणि चार महिन्यांत स्वतःच्या नावाने तोच मसाला बाजारात आणला. आमचे दोन मोठे डीलर तिकडे गेले. आमचे वकील म्हणतात दावा लावू, पण वही, डीलरांचे दर, कॉस्टिंग, सगळं कोर्टात द्यावं लागेल. मग आमच्याकडे उरलं काय? माझा भाऊ म्हणतो, बातम्यांत दाखवतात तसं बंद लिफाफ्यात थेट न्यायाधीशांना द्या, समोरच्याला दाखवूच नका. तो असंही म्हणतो की माहिती अधिकारात अर्ज टाकून कुणीही कोर्टाची फाइल बाहेर काढू शकतं. खरं काय? वही कोर्टात अडकली तर? आणि नोटिशीला वहीच्या दोन पानांची झेरॉक्स जोडायची आहे, ती जोडू का?
– स., कऱ्हाड

ताई, नमस्कार.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण नोटीस बहुधा टाइप होऊन पडली असेल. झेरॉक्स जोडू नका. कारण शेवटी सांगतो. तोपर्यंत नोटीस थांबवा.

आता तुमच्या भावाचा बंद लिफाफा. बातम्यांत आपण जे ऐकतो ते बहुतेक सरकार आणि नागरिक यांच्यातल्या खटल्यांत असतं. सरकार म्हणतं, हा कागद देशाच्या सुरक्षेचा आहे, न्यायमूर्तींनी पाहावा, समोरच्याने नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या नियमांत गोपनीय कागद सीलबंद ठेवण्याची तरतूद आहे, तिचा आधार घेऊन हे चालायचं. पण तिथेही वारं फिरलं आहे. केरळमधल्या मीडियावन या वाहिनीचा परवाना सुरक्षेच्या कारणावरून नाकारला गेला, कारणं सीलबंद पाकिटात न्यायालयाला दिली गेली, आणि वाहिनीला आपण कशाबद्दल दोषी ठरलो हेच कळेना. ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला आणि सांगितलं की अशा पद्धतीने नैसर्गिक न्यायालाच धक्का बसतो. देशाच्या सुरक्षेचं नाव घेऊनही सरकारला हे सहजासहजी मिळत नसेल, तर तुमच्या आमच्या मसाल्याच्या दाव्यात जिल्हा पातळीवरचे न्यायाधीश ते देतील ही आशा सोडा. आणि समजा दिलंच, तर तोटा तुमचाच आहे. प्रतिवादीने जो कागद पाहिलाच नाही, ज्यावर त्याला उलटतपास घेता आला नाही, त्याच्या आधारावर मिळालेला मनाई हुकूम अपिलात टिकणं कठीण.

पण मला खरा घोळ वेगळाच दिसतो. तुमच्या पत्रात ‘सगळं’ हा शब्द आहे. वही, दर, कॉस्टिंग, सगळं एकाच पोत्यात. आणि ते सगळं एकाच माणसापासून लपवायचं आहे. जरा थांबून विचार करा. ज्या माणसाने नऊ वर्षं तुमचा मसाला भाजला, दळला आणि भरला, त्याच्यापासून त्या मसाल्याचं प्रमाण लपवून काय मिळणार? त्याला ते पाठ आहे. तुमचा दावाच मुळी ‘त्याला ते माहीत आहे आणि त्याने ते वापरलं’ असा आहे. वही त्याच्यापासून नाही, बाकीच्या जगापासून जपायची आहे. कोल्हापूर, सांगली, साताऱ्यातल्या इतर मसालेवाल्यांपासून, नक्कल काढायला आलेल्या एखाद्या तिऱ्हाइतापासून, आणि उद्या इंटरनेटवर चढणाऱ्या निकालपत्रापासून.

दरांचं उलट आहे. कोणत्या डीलरला किती टक्के सूट, किती दिवसांची उधारी, कोणाचं वर्षाचं टार्गेट किती, हे इतर जगाला कळलं तरी फार बिघडत नाही. पण या एका माणसाला कळलं तर तो प्रत्येक डीलरकडे तुमच्यापेक्षा दोन रुपये कमी दर घेऊन उभा राहील. म्हणजे हा कागद जपायचा तो नेमका त्याच्यापासून.

म्हणून दस्तयादी करायला बसाल तेव्हा प्रत्येक कागदापुढे एक गोष्ट लिहा: हा कोणापासून लपवायचा? उत्तर वेगळं आलं की उपायही वेगळा. ‘सगळं सीलबंद’ असा सरसकट अर्ज केला की न्यायाधीशांना वाटतं, वादीला नेमकं काय जपायचंय हे तिलाच ठाऊक नाही, आणि अर्ज नामंजूर होतो.

आता वहीबद्दल थोडं कठोर बोलतो. वहीतलं सगळं गुपित नाही. तुमच्या पाकिटावर घटकांची यादी छापलेली आहेच, आणि अन्नसुरक्षेच्या लेबलिंग नियमांनुसार ती वजनाच्या उतरत्या क्रमाने असावी लागते. म्हणजे काय काय पडतं आणि ढोबळ मानाने कशाचं वजन जास्त, हे कोणत्याही किराणा दुकानात वाचता येतं. गुपित असेल तर ते नेमक्या प्रमाणात, भाजण्याच्या क्रमात, कोणती मिरची किती भाजायची आणि कोणती तशीच घालायची यात, तेल कधी आणि किती यात. तेवढंच गुपित म्हणून मांडा. दगडफूल आणि तमालपत्र घातलं जातं हेही गुपितच, असं म्हणाल तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला तुमचं पाकीट न्यायाधीशांसमोर ठेवेल.

कायदाही हेच मागतो. आपल्याकडे व्यापारी गुपितांसाठी वेगळा कायदा नाही. विधी आयोगाने मार्च २०२४ मध्ये आपल्या २८९ व्या अहवालात तसा कायदा सुचवला आहे, पण आज तुमचा दावा उभा राहील तो करार आणि विश्वासभंग यांच्याच पायावर. मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये एका दूरचित्रवाणी मालिकेच्या कल्पनेवरून झालेल्या वादात (झी टेलिफिल्म्स विरुद्ध सनडायल कम्युनिकेशन्स) जो कस लावला तो आजही उपयोगी आहे: माहिती नेमकी कोणती ते सांगा, ती विश्वासाने दिली होती हे दाखवा, ती गोपनीय मानण्याजोगी आहे हे दाखवा, आणि समोरच्याने ती परवानगीशिवाय वापरली किंवा वापरणार आहे हे दाखवा. यात ‘नेमकी कोणती’ इथेच बहुतेक दावे घसरतात. गुपित सांगायचंही नाही आणि ते माझं आहे हे सिद्धही करायचं, या ओढाताणीतून सुटका नाही. ते कुठेतरी, कुणाला तरी, नेमकं सांगावंच लागतं.

आता तुमच्या वकिलांची बाजू. ते चुकीचं सांगत नाहीत. तुमचा करार सेवा पुरवण्याचा आहे, दाव्याची किंमत ३ लाखांच्या वर नक्कीच जाईल, म्हणजे हे प्रकरण २०१५ च्या वाणिज्यिक न्यायालये कायद्याखाली चालण्याची शक्यता मोठी. तिथे कागदपत्रांचे नियम कडक आहेत. वादाशी संबंधित जे जे कागद तुमच्या ताब्यात आहेत ते दाव्यासोबतच उघड करावे लागतात, तुमच्या फायद्याचे असोत की तोट्याचे, आणि वर सत्यतेचं शपथपत्र द्यावं लागतं. हातचं राखून ठेवलेला कागद नंतर योग्य कारण आणि न्यायालयाची परवानगी असल्याशिवाय वापरता येत नाही. म्हणून ‘वही दाखवायचीच नाही, बघू नंतर’ हा मार्ग बंद समजा.

पण उघड करणं म्हणजे चौकात टांगणं नव्हे. दस्तयादीत कागदाचं नाव, तारीख, पानं लिहायची, तो अस्तित्वात आहे हे लपवायचं नाही, आणि त्याच दिवशी अर्ज द्यायचा की याची पूर्ण प्रत न्यायालय सांगेल त्या बंदोबस्तातच दाखल करू. सोबत झाकलेली प्रत जोडायची, म्हणजे वहीचं पान दिसतं, सासूबाईंचं अक्षर दिसतं, वर्ष दिसतं, पण आकडे काळे केलेले. आधी आदेश, मग कागद. हा क्रम उलटला की पुढचं सगळं व्यर्थ. एकदा पूर्ण प्रत ई-फायलिंगवर चढली आणि समोरच्या वकिलाला संच मिळाला की नंतर सील मागून काय उपयोग? दूध सांडल्यावर भांडं झाकण्यासारखं ते.

असा आदेश देण्याचा अधिकार न्यायालयाला आहे का, असा प्रश्न समोरून येईलच. आहे. आणि ज्या निकालाने तो पक्का केला तो मुंबईतल्याच एका दाव्यातून आला आहे. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिक आणि त्याचे संपादक करंजिया यांच्यावर ठाकरसी यांनी बदनामीचा दावा लावला होता. त्यात एका व्यापारी साक्षीदाराने विनंती केली की माझी साक्ष छापून आली तर माझ्या धंद्याचं नुकसान होईल. न्यायमूर्ती तारकुंडे यांनी ती साक्ष प्रसिद्ध करू नका असं तोंडी सांगितलं. पत्रकार थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९६६ साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने नरेश श्रीधर मिरजकर प्रकरणात बहुमताने सांगितलं की न्यायालय उघडं असणं हा नियम आहे, पण न्याय देण्याच्याच कामासाठी गरज पडली तर त्याला अपवाद करण्याचा अंगभूत अधिकार न्यायालयाला आहे. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी वेगळं मत दिलं होतं, आणि मला त्या मताबद्दल आजही आदर आहे. खुल्या न्यायालयाला भोकं पाडायची सवय लागली की ती थांबत नाही. पण तुमच्या कामाला बहुमताचा निकाल येतो. धंद्याचं नुकसान हे कारण तिथे विचारात घेतलं गेलं, एवढं लक्षात ठेवा.

त्यानंतर दिवाणी प्रक्रिया संहितेत कलम १५३ ब आलं. न्यायालय सर्वांना खुलं, पण एखाद्या प्रकरणात लोकांना किंवा ठरावीक व्यक्तीला दालनात येऊ न देण्याचा अधिकार न्यायाधीशांना. सोबत कलम १५१ चा अंगभूत अधिकार. तुमचा अर्ज या दोन कलमांखाली जाईल.

वहीसाठी मागायचं ते असं: पूर्ण प्रत न्यायालयाच्या ताब्यात सीलबंद राहावी, प्रतिवादी आणि त्याच्या वकिलाला पाहता यावी पण झेरॉक्स किंवा फोटो काढता येऊ नये, तिऱ्हाइताला नक्कल मिळू नये, आणि वहीवरची साक्ष होईल तेवढ्यापुरतं दालन बंद असावं. प्रतिवादीपासून काहीच लपवलं जात नसल्यामुळे त्याच्या वकिलाला विरोध करायला फारसा मुद्दा उरत नाही. असे अर्ज मंजूर होणं सोपं जातं.

दरांसाठी जास्त कडक भिंत हवी. दिल्ली उच्च न्यायालयाने मूळ शाखेच्या, म्हणजे थेट तिथेच दाखल होणाऱ्या दाव्यांच्या, २०१८ च्या नियमांत ‘कॉन्फिडेन्शियालिटी क्लब’ नावाची रचना घातली आहे. गोपनीय कागद फक्त ठरलेल्या लोकांनीच पाहायचे: प्रत्येक बाजूचे जास्तीत जास्त ३ वकील, तेही पक्षकाराच्या पगारावर नसलेले, आणि जास्तीत जास्त २ बाहेरचे तज्ज्ञ. पाहायचं ते न्यायालयात, प्रत न्यायची नाही. हा नियम साताऱ्यातल्या न्यायालयावर बंधनकारक नाही. पण नमुना म्हणून अर्जाला जोडता येतो, आणि न्यायाधीशांना तयार मसुदा हातात मिळाला की त्यांचं काम हलकं होतं. याला समोरचा विरोध करेल, आणि त्यात तथ्य असेल. ‘माझ्या अशिलाने पाहिलंच नाही तर तो मला सूचना काय देणार?’ दिल्लीतच २०२० साली इंटरडिजिटल आणि शाओमी यांच्या पेटंटच्या वादात पक्षकाराच्या माणसांना काही कागदांपासून पूर्ण दूर ठेवण्याची मागणी न्यायालयाने मान्य केली नव्हती. तेव्हा सगळंच पदरात पडेल असं धरून चालू नका.

म्हणूनच दरांबाबत माझा पहिला सल्ला क्लबचा नाही. ते कागद द्यायची गरज आहे का हेच आधी तपासा. डीलर गेले हे दाखवायला त्या दोन डीलरांचीच बिलं पुरतात. उरलेल्यांची यादी वादाशी संबंधित नाही, ती कशाला द्यायची? नुकसानभरपाईसाठी नफ्याचा आकडा लागेल हे खरं. त्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६ खाली हिशेब तपासायला कोर्ट कमिशनर नेमण्याची मागणी करा. एखादे चार्टर्ड अकाउंटंट तुमच्या वह्या पाहतील आणि न्यायालयाला फक्त निष्कर्ष देतील. त्याच आदेशात शास्त्रीय तपासणीसाठी कमिशनर नेमायचीही सोय आहे. दोन्ही मसाल्यांचे नमुने प्रयोगशाळेत जाऊ शकतात. प्रयोगशाळा भाजण्याचा क्रम सांगू शकणार नाही, पण काही घटकांचं प्रमाण विलक्षण जुळतं एवढं निघालं तरी तुमच्या नि. ५ च्या अर्जाला, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या मागणीला, चांगलं बळ येईल.

वहीत नंतर लिहिलेले, त्या कारखानदाराने कधीच न पाहिलेले काही नवे प्रकार असतील तर ती पानं वादाशी संबंधितच नाहीत. ती शिवून बंद करा, दस्तयादीत तसं लिहा, आणि फक्त वादातल्या तीन मसाल्यांचीच पानं पुढे करा.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. प्रमाण फक्त तुमच्याकडे नाही, प्रतिवादीकडेही आहे. तुम्ही वही कितीही जपली आणि त्याने आपल्या कैफियतीत, म्हणजे दाव्याच्या लेखी उत्तरात, ‘वादीचा म्हणवला जाणारा मसाला असा असा, आणि तो तर घरोघरी होतो’ असं म्हणून सगळी प्रमाणं उतरवून काढली तर? म्हणून आदेश मागताना ‘वादीची वही’ एवढंच म्हणू नका. ती प्रमाणं ज्या ज्या कागदात येतील, कुणीही दाखल केलेल्या, त्या सगळ्यांना तो लागू असावा. कैफियत आणि शपथपत्रांत प्रमाणांऐवजी ‘परिशिष्ट क’ असा उल्लेख करायचा, आणि परिशिष्ट क सीलबंद. न्यायाधीशांनाही विनंती करा की आदेशात आणि निकालात आकडे येऊ नयेत, कारण आदेश ई-कोर्टच्या संकेतस्थळावर जातात आणि प्रकरणाचा सीएनआर क्रमांक (ई-कोर्टातला ओळख क्रमांक) असलेला कुणीही ते घरबसल्या वाचतो. दावा जिंकला आणि कृती निकालपत्रात छापून आली, असं व्हायला नको.

हा अर्ज गडबडीत करू नका. वाणिज्यिक न्यायालयाच्या अशा मधल्या आदेशाविरुद्ध पुनरीक्षण, म्हणजे वरच्या न्यायालयाकडून फेरतपासणी, मागता येत नाही, त्या कायद्याच्या कलम ८ ने ती वाट बंद आहे. उच्च न्यायालयात रिट करता येतं, पण तिथे हस्तक्षेप क्वचितच होतो. आणि समोरच्याचं म्हणणं आल्यावर शक्य असेल तर दोन्ही वकिलांनी बसून संयुक्त पुरसीस, म्हणजे दोघांच्या सहीचं लेखी निवेदन, न्यायालयाला द्यावी. त्यालाही आपले दर तुम्हाला दाखवायचे नसतातच. तडजोडीला जागा असते.

आदेश मोडला तर काय? मनाई हुकूम मोडणाऱ्याची मालमत्ता जप्त होऊ शकते आणि त्याला ३ महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंगात ठेवता येतं. न्यायालयाला दिलेली हमी मोडली तर अवमान, ६ महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंडाचा आकडा हसू येण्यासारखा आहे, पण कैदेची भीती खरी असते. तरी माझ्या मते कागद फुटतात ते प्रतिवादीच्या बदमाशीपेक्षा आपल्याच गबाळेपणामुळे. कोर्टाबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे राहिलेलं पान, टायपिस्टच्या कॉम्प्युटरवरची फाइल, ‘वकीलसाहेब, पाहून घ्या’ म्हणून व्हॉट्सअॅपवर पाठवलेला वहीचा फोटो जो तीन जणांच्या गॅलरीत जाऊन बसतो. तुमचे वकील आणि त्यांचे कारकून यांच्यावर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ प्रमाणे गुप्ततेचं बंधन आहे. झेरॉक्सवाल्यावर नाही. वहीच्या प्रती घरच्या स्कॅनरवर काढा आणि मोजून द्या.

माहिती अधिकाराबद्दल भावाला सांगा की घाबरू नका. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरात उच्च न्यायालयाच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं की न्यायालयीन कामकाजातले कागद माहिती अधिकारातून मागता येत नाहीत, त्या त्या उच्च न्यायालयाच्या नियमांप्रमाणेच नक्कल घ्यावी लागते. तिऱ्हाइताला कारण सांगून अर्ज करावा लागतो. न्यायालयाची नस्ती, म्हणजे फाइल, बाजारात मांडलेली नसते. पण तिऱ्हाइताचा अर्ज मंजूर होणारच नाही असंही नाही, म्हणून वर म्हटलेलं कलम आदेशात हवंच.

आता करारनाम्याचं शेवटचं पान उघडा. वाद लवादाकडे जाईल असं कलम आहे का? जॉबवर्कच्या छापील करारांत ते बरेचदा असतं आणि सही करताना कुणी वाचत नाही. असेल तर चित्र बदलतं. लवादाच्या कामकाजाची गुप्तता कायद्यानेच राखायची असते, लवाद कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ४२अ ते सांगतं. कागद लवादासमोर राहतात, नकलांचा प्रश्न येत नाही. मात्र तातडीची मनाई हवी तर त्याच कायद्याच्या कलम ९ खाली न्यायालयातच जावं लागेल आणि तिथे दाखल केलेले कागद न्यायालयाच्या नस्तीत जातील. तेव्हा वरचा अर्ज तिथेही लागेल.

लवादाचं कलम नसेल, तर वाणिज्यिक दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे, तातडीची मनाई मागत असाल तरच सूट. आणि इथे मला तुमची जरा काळजी वाटते. दिवाळीत काम सुटलं, चार महिन्यांत मसाला बाजारात आला, आणि तुम्ही अजून नोटिशीवरच आहात. न्यायाधीश विचारतील, एवढी तातडी होती तर थांबलात का? मध्यस्थीला जावं लागलं तर वाईट वाटून घेऊ नका. तिथे झालेलं बोलणं गुप्त ठेवायचं असतं, नियमांतच तसं आहे, आणि रेकॉर्डिंगला मनाई आहे. माझं विचाराल तर असे निम्मे वाद तिथेच मिटवण्याजोगे असतात. त्याला जॉबवर्कचं गिऱ्हाईक गेलंय, तुम्हाला गिरणी गेलीय.

वही अडकेल का? अडकू शकते. पुराव्याच्या वेळी मूळ प्रत दाखवावी लागेल आणि तिच्यावर निशाणी, म्हणजे पुराव्याचा क्रमांक, पडली की ती न्यायालयाची. पण दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या आदेश १३ च्या नियम ९ प्रमाणे दावा आणि अपिलाची मुदत संपल्यावर दस्त परत मागता येतो, आणि त्याआधीही प्रमाणित प्रत ठेवून, गरज पडली तर मूळ आणून देईन अशी हमी देऊन परत घेता येतो. त्याच अर्जात सीलबंद प्रती दाव्याअंती परत मिळाव्यात किंवा नष्ट व्हाव्यात हेही मागा, आणि अपील झालं तर सील तिथेही चालू राहील असं लिहून घ्या. दावा सुरू होण्याआधी वहीचं प्रत्येक पान रंगीत स्कॅन करून ठेवा. सासूबाई हयात असतील तर ही वही मीच लिहिली असं त्यांचं शपथपत्र आताच करून घ्या. पुढे अक्षर ओळखायला माणसं शोधत बसण्यापेक्षा ते बरं.

आणि नोटीस. नोटीस म्हणजे तुम्ही स्वतःहून, कोणत्याही आदेशाशिवाय पाठवलेला कागद. त्यावर कसलंही सील नाही. ती पानं त्याच्या हातात पडली की तो ती कुणालाही दाखवू शकतो आणि वर म्हणू शकतो, बाईंनीच पाठवलीत, गुपित कसलं? नोटिशीत एवढंच लिहा की करारातल्या गुप्ततेच्या कलमान्वये तुम्हाला दिलेली तीन मसाल्यांची प्रमाणं आणि कृती तुम्ही वापरता आहात, ती थांबवा, आणि तुमच्याकडे असलेल्या सगळ्या लेखी नोंदी परत करा. तारखा घाला, कराराची तारीख घाला. आकडा एकही नको. मसुदा तुमच्या वकिलांना दाखवा आणि पानं काढलेली नोटीस या आठवड्यात स्पीड पोस्टाने जाऊ द्या.